गॅरेजवाल्यानं चार पिस्टन पुढ्यात मांडलेत, काय वाचू?

बालाघाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बीडचा, पेशानं मास्तर. इंजिनातलं मला एवढंच कळतं की पेट्रोल कुठून घालायचं. गाडी सेकंडहँड घेतलेली, पेट्रोल, चार सिलिंडर, १ लाख ३४ हजार किलोमीटर झालेत. वर्षभरापासून ऑइल खातेय, आणि मागच्या पाचसहा महिन्यांत तर हजार किलोमीटरला लिटरभर. सकाळी सेल मारली की भक्कन निळा धूर निघतो, मग बंद होतो. त्यात हल्ली एक ठोकाही ऐकू यायला लागला.

शेवटी परवा इंजिन खोललं. काल संध्याकाळी मिस्त्रींनी चारही पिस्टन जुन्या पेपरवर ओळीनं मांडले आणि म्हणाले, "सर, चारी गेले. बोअर मारून पन्नासचे टाकू, फुल इंजिन करून घेऊ." म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती सिलिंडरची भोकं (बोअर) कापून मोठी करायची आणि अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घालायचे. आकडा असा सांगितला की मी आधी पाणी प्यायलो.

पण मला ते चारी सारखे दिसत नाहीत. पहिल्या दोघांच्या डोक्यावर काळा जाड थर आहे, एका बाजूला जास्तच, नखानं निघत नाही. तिसऱ्याचं डोकं चक्क स्वच्छ, घासून ठेवलेल्या भांड्यासारखं. चौथा डोक्यावर काळाच आहे, पण खाली अंगावर घासल्याचा पट्टा तिरपा गेलाय. एका बाजूनं वरच्या कोपऱ्यात घासलंय, उलट्या बाजूनं खालच्या कोपऱ्यात. मिस्त्री म्हणतात हे असंच असतं. असतं का? आणि चारी एकाच कारणानं गेले असतील तर चौघांची तोंडं वेगवेगळी का?

खिडकीपाशी

मास्तर, आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेत, आता चार उत्तरपत्रिका तुमच्या पुढ्यात. तिसऱ्यानं कोरी दिली म्हणून नापास करू नका, हुशार असेल.

उस्तादांचा_चेला

सर, बाकी सगळं सोडा. पहिले गॅरेजला फोन लावा अन् सांगा, पिस्टन धुऊ नका म्हणावं. एकदा का डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवून ब्रश मारला की गेलं सगळं. मग चारी सारखेच दिसतेत अन् चारी बदलायलाच लागतेत.

मी परभणीला उस्तादांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. इंजिन खोललं की ते पिस्टन बाकड्यावर एक-दोन-तीन-चार असे लावायचे, ज्या तोंडानं इंजिनात होते त्याच तोंडानं. जवळ कोणी फडकं आणलं तर शिवी. मग चहा यायचा. चहा पिता पिता नुसतं बघत बसायचे. आम्हाला वाटायचं म्हातारा टाइमपास करू लागलाय. नंतर एकेकाच्या डोक्यावरून बोट फिरवायचे अन् दोन बोटांत चोळायचे.

कोरडी काजळी बोटाला लागते, कापडानं पुसली जाते, काजळाच्या डबीसारखी. ती पेट्रोल जास्त जाऊ लागल्याची, नाहीतर एअर फिल्टर चोक असल्याची. तेलाची काजळी अशी निघत नसते. दुधाच्या पातेल्याच्या बुडाला खरवड लागते तशी धरून बसते. तुमचा एक अन् दोन नखानं निघंना म्हणता म्हणजे ती तेलाची खरवड. आता तेल वरून आलं का खालून, हे बघायचं.

बालाघाट

फोन केला. डिझेल ओतून ठेवलं होतं म्हणे, पिस्टन अजून बाहेरच होते. वाचले. पण मिस्त्री जरा फुरंगटलेत, "सर इंटरनेटवर बघून आले वाटतं" म्हणाले.

भिंग

बालाघाट सर, मी वाळूजला तपासणी विभागात आहे, दिवसभर मोजमापंच घेते. तुमच्या मिस्त्रींशी भांडण न करता एक-दोन गोष्टी बघून या.

पहिल्या दोन पिस्टनवर थर ज्या बाजूला जाड आहे ती बाजू इनलेट व्हॉल्व्हखालची (हवा-पेट्रोल आत येतं त्या झडपेखालची) आहे का? डोक्यावर व्हॉल्व्हसाठी खोबण्या असतील तर त्यांवरून कळेल. मोठी खोबण बहुधा इनलेटची. तिथंच थर जाड असेल तर तेल वरून, व्हॉल्व्ह सीलमधून (झडपेच्या दांड्याभोवतीच्या रबरी टोपीतून) ठिबकतंय. रात्रभर गाडी उभी असताना ते आत उतरतं आणि सकाळी पहिल्या सेलला धूर होऊन निघतं. तुमचा "भक्कन, मग बंद" याच्याशी जुळतं.

आता डोक्याची कड बघा, सगळीकडून. कडेनं चंद्रकोरीसारखी किंवा पूर्ण गोल पट्टी धुतल्यागत उजळ असेल आणि कार्बन फक्त मधोमध असेल, तर तेल खालून, रिंगांच्या (पिस्टनभोवतीच्या खाचांतल्या कड्यांच्या) बाजूनं वर येतंय. येणारं तेल कड धूत राहतं, म्हणून तिथं थर धरत नाही. लोकांना उलटं वाटतं. जिथं तेल येतं तिथं काळं असेल असं वाटतं, पण कडेला नेमकं स्वच्छ असतं.

लातूरपॅटर्न

सगळं ई२० मुळे (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे) आहे. माझ्या गाडीलापण आधी काही नव्हतं.

भिंग

@लातूरपॅटर्न, मायलेज थोडं पडलं असेल तर मान्य. एका लिटर इथेनॉलमधली उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांचा प्रश्नही खरा आहे. पण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, त्यानं नॉकिंग (इंधन आत अवेळी भडकून ठोके बसणं) कमी होतं, आणि काजळीही वाढायचं कारण नाही. तेल जळालेल्याची खरवड ई२०च्या नावावर घालू नका.

लातूरपॅटर्न

बरं. पण माझं मत माझ्यापाशी.

निजामकालीन

मी एसटीच्या चिकलठाणा कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. आमचं सगळं डिझेल, त्यामुळे पेट्रोलवाल्यांत नाक खुपसत नाही. पण तीन नंबरबद्दल बोलतो.

चारात एकच पिस्टन स्वच्छ असेल तर हुशारीचं नाही, पाण्याचं लक्षण असतं. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली पातळ चकती) त्या सिलिंडरपाशी फुटलं की रेडिएटरचं पाणी थोडं थोडं आत येतं, त्याची वाफ होते आणि वाफेनं डोकं धुऊन निघतं. घरी भांड्यात पाणी उकळून काजळ सोडवतात ना, तसंच. ऑइल ताकासारखं पांढरं झालेलंच असलं पाहिजे असं नाही. गळती बारीक असेल तर पाणी सायलेन्सरवाटे निघून जातं. रेडिएटरला पाणी घालावं लागत होतं का?

लातूरपॅटर्न

असहमत. इंजेक्टर गळत असेल तरी पेट्रोलनं पिस्टन धुतला जातो. एकदम गॅस्केटवर जाऊ नका.

निजामकालीन

तेही होतं. पण पेट्रोलनं धुतलेल्या सिलिंडरमध्ये बोअरवरची तेलाची पातळ फिल्मही धुतली जाते. मग स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या अंगावर) आणि रिंगांवर उभ्या बारीक रेघा पडतात, कोरडं घासल्याच्या. तीन नंबरच्या अंगावर रेघा आहेत का ते सरांनी सांगावं. आणि गॅस्केट फेकलं नसेल तर तीन नंबरच्या गोलाची कड आणि शेजारचं पाण्याचं भोक, या दोन्हींच्या मध्ये गंजाचा रंग गेलाय का बघा.

बालाघाट

काका, पाणी घालावं लागत होतं, पंधरा दिवसांना एक बाटली. मला वाटायचं आमच्याकडच्या उन्हानं आटतंय. कूलंट नाही घातलं कधी, घरच्या बोअरचंच पाणी.

खिडकीपाशी

बोअरमध्ये बोअरचं पाणी. काव्यगत न्याय.

निजामकालीन

अरे देवा. तुमच्या-आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे हंड्याच्या कडेला पांढरं कीट धरणारं पाणी. तेच कीट ब्लॉकच्या आत धरतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात तर माणसालाच पाणी नव्हतं, गाडीला कोण चांगलं घालणार! त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या ओळखीतल्या दोन-तीन खासगी गाड्या खोललेल्या मी पाहिल्या. वॉटर जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या पाणी फिरायच्या पोकळीत) चुन्याचा थर, स्क्रूड्रायव्हरनं खरवडावा असा. पाणी आहे, पंप फिरतोय, काटा मध्यावर दाखवतोय आणि बोअर मात्र तापून लाल.

अशा तापण्यानं गेलेला पिस्टन वेगळा दिसतो. पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) साधारण दुप्पट फुगतं. बोअरला थंडावा मिळाला नाही की पिस्टन फुगून त्याला चारही बाजूंनी घासतो, ॲल्युमिनियम सोलवटून निघतं आणि रिंगांवर लिंपलं जातं. रिंग हलतच नाही मग. तुमचा तीन नंबर तिथपर्यंत गेला नाही हे नशीब.

टिकाव_फावडं

मी हिंगोलीकडचा शेतकरी, जुनी डिझेल जीप आहे. सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्राच्या शेजारी उभी असायची, चालूच. धूळ अन् भुसकट. दर आठवड्याला एअर फिल्टर काढायचा अन् पंक्चरवाल्याकडं हवा मारून साफ करायचा, मी लई काळजीवाला म्हणून. एक दिवस गाडी चढावर दम सोडायला लागली. ऑइलचं झाकण उघडलं की भकभक धूर.

खोलल्यावर मिस्त्रीनं वरची रिंग काढून हातावर ठेवली. ब्लेड झाली होती हो, खरंच, अंगठा कापला माझा. बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातलं तर दोन टोकांत जवळपास दोन मिमी फट. पिस्टनच्या अंगावर बारीक उभे ओरखडे, पॉलिश पेपर मारल्यासारखा करडा रंग. ऑइल रिंग मात्र बऱ्यापैकी होती. तेव्हा मिस्त्री म्हणला, "धूळ वरून गेली. ऑइलमधून गेली असती तर खालची रिंग आधी खल्लास झाली असती." फिल्टर उजेडात धरून दाखवला. हवा मारून मारून कागदाला सुईएवढी भोकं पडली होती.

आता फिल्टर झटकतो, जास्तच झाला तर नवा घेतो. हवा मारत नाही.

भिंग

@टिकाव_फावडं, तुमच्या मिस्त्रींना नमस्कार सांगा. वरची रिंग जास्त झिजली तर हवेतली माती, खालची झिजली तर तेलातली घाण, हे पुष्कळ ठिकाणी बघायचंच राहून जातं. फटीचा हिशोब साधारण असा धरतात की बोअरच्या दर १०० मिमीला ०.३ ते ०.४ मिमी. म्हणजे तुमच्या जीपला पाचपट झाली होती.

साधा_माणूस

अवांतर विचारतो. पिस्टन गोल नसतो म्हणतात ते खरं का?

भिंग

अवांतर कसलं, हा तर माझा आवडता विषय. थंड असताना पिस्टन किंचित लंबगोल असतो, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या आडव्या पिनेच्या) दिशेनं थोडा कमी आणि त्याच्या काटकोनात थोडा जास्त. वरून खालीही सारखा नसतो, डोक्याकडे बारीक आणि स्कर्टकडे रुंद. कारण डोकं जास्त तापतं आणि पिनपाशी धातू जाड, तिथं जास्त फुगतं. गरम झाल्यावर तो गोलाच्या जवळ येतो. म्हणून मायक्रोमीटर लावायचा तो पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या भागात, कंपनीनं सांगितलेल्या उंचीवर.

आमच्या नात्यातल्या एका खरादवाल्यानं नवाकोरा सेट दुकानात परत पाठवला होता, "माल वाकडा आहे" म्हणून.

उस्तादांचा_चेला

😂 भिंगताई, ते खरादवाले आमच्याकडं आले होते का नंतर?

चूक सगळ्यांकडून होते. मी शिकाऊ असताना एका मारुती आठशेचा एक पिस्टन उलटा बसवला होता. डोक्यावर बाण असतो, तो टायमिंगच्या, म्हणजे टायमिंग पट्ट्याच्या बाजूला पाहिजे. मी पान खात खात बसवला. गाडी चालू झाली तर थंडीत टक टक टक, तापली की बंद. उस्तादांनी बोनेटला कान लावला अन् माझ्याकडं बघितलं फक्त. पुन्हा खोलायला लावलं, मजुरी माझ्या पगारातून.

खिडकीपाशी

आठशेत पिस्टन तीनच की हो. तीनात एक चुकवलात म्हणजे ३३ टक्के. मास्तर, काठावर पास का?

साधा_माणूस

आठशे म्हणजे आठशे सीसी तरी होती का, इथून सुरुवात आहे.

भिंग

७९६. बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२, सिलिंडर तीन. गुणून बघा, बरोबर येतं. बरं, चार नंबरकडे कोणी वळणार का?

निजामकालीन

वळू, पण आधी एक. डोक्यावर खड्डे आहेत का बघा, कडेला. देवीचे व्रण असावेत तसे बारीक ठिपके. ते नॉकिंगचे. पूर्वी रॉकेल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळायचं तेव्हा हे फार दिसायचं, रिंगांच्या मधली पट्टीच तुटून यायची. आणि मधोमध वितळून भोक पडलं असेल तर पेट्रोलच्या गाडीत ठिणगीच्या आधीच पेट घेतल्याची खूण. डिझेलमध्ये ते भोक किंवा खड्डा इंजेक्टरच्या फवाऱ्याच्या रेषेत असतो. इंजेक्टर फवारा न मारता ठिबकत असेल तर डोक्यावर एकाच जागी जाळ होतो, गॅसकटर लावल्यासारखा. आतला जाळ २००० अंशांच्या वर जातो आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम सहाशेच्या आतबाहेर वितळतं. रिंगांतून बोअरला आणि खालून तेलाला उष्णता जात राहते म्हणून तो टिकतो, एरवी पहिल्या मिनिटाला पाणी झालं असतं.

आम्ही असा एक पिस्टन बरीच वर्षं टेबलावर ठेवला होता. नवीन मुलगा आला की त्यातून बोट घालून दाखवायचं.

बालाघाट

आज शाळा सुटल्यावर जाऊन आलो. सोबत मुलाची पट्टी, मोबाइलचा टॉर्च, आणि मिस्त्रींसाठी अर्धा किलो जिलेबी. जिलेबीनं फरक पडला.

एक आणि दोन: खोबणीच्या बाजूलाच थर जाड, कड सगळीकडून काळी. म्हणजे भिंगताई, वरून. ऑइल रिंग मात्र खाचेत चिकटल्यात, बोटानं फिरत नाहीत. हेडमधलं एक जुनं सील मिस्त्रींनी काढून दिलं, चिमटीत दाबलं तर बिस्किटासारखं तुटलं.

तीन: अंगावर रेघा नाहीत. गॅस्केट कचऱ्याच्या ड्रममधून काढलं. काका, तुम्ही सांगितलं तिथंच. पाण्याच्या भोकापासून तीन नंबरच्या गोलापर्यंत तांबडी वाट गेलेली, मुंगीच्या रांगेसारखी. मिस्त्री "हां हे आहे" म्हणाले.

खड्डे कुठंच नाहीत. चार नंबर मात्र मिस्त्रींनाही पटेना. तिरपा पट्टा आहेच, शिवाय रिंगांच्या वरची जी अरुंद पट्टी असते ती एका बाजूनं घासून चकचकीत आणि समोरून काळीकुट्ट.

लातूरपॅटर्न

तीनबद्दल माझी माघार. काका, दंडवत.

उस्तादांचा_चेला

सर, आता नीट ऐका. पिस्टन तिरपा चालू लागला म्हणजे त्याला धरणारा तिरपा झाला. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा, वाकलेला आहे. सरळ रॉडवर पिस्टन घासतो तो समोरासमोरच्या दोन बाजूंना, मधोमध, अन् पट्टा सरळ उभा असतो. एकीकडं वर अन् दुसरीकडं खाली घासणं हे वाकड्या रॉडशिवाय सहसा होत नाही. ठोकाबी त्याचाच असेल. नुसता नवीन पिस्टन टाकला असता तर सहा महिन्यांत तोबी असाच.

गाडी कधी पाण्यात बंद पडली होती का?

बालाघाट

नाही हो. मी पाण्यात गाडी घालत नाही, बिंदुसरेवर पाणी दिसलं की परत फिरणारा माणूस आहे मी.

उस्तादांचा_चेला

मग एक काम करा. बोअर मारला नाही ना अजून? नसेल तर उद्या चारी बोअरच्या तोंडाशी बघा. वरची रिंग जिथवर येते तिथं रेघ असते, तिच्या वर काजळीचा गोल पट्टा. चारींचे पट्टे मोजा पट्टीनं. रॉड वाकला की त्याची लांबी कमी होते अन् पिस्टन वरपर्यंत येत नाही. मग त्या बोअरचा पट्टा बाकीच्यांपेक्षा रुंद दिसतो.

साधा_माणूस

हे मात्र भारी आहे. वाचतोय.

निजामकालीन

बरोबर सांगितलंत चेले. पाणी दाबलं जात नाही. हवेचा दहावा भाग होतो, पाण्याचा होत नाही. एअर फिल्टरवाटे पाणी आत गेलं आणि पिस्टन वर निघाला की कोणाला तरी वाकावं लागतं, आणि सगळ्यात लवचिक रॉडच.

बालाघाट

मोजलं. एक, दोन, तीन: साडेपाच मिमी, तिन्ही. चार: सात. मी तीनदा मोजलं, मग मिस्त्रींनी स्वतः मोजलं, मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

रॉड खरादवाल्याकडे नेला. त्यानं चारही रॉडांच्या दोन्ही टोकांत पिना घालून सपाट प्लेटवर शेजारी ठेवले. तीन सारखे, चौथ्याची मान कलंडलेली. नुसत्या डोळ्यांनी दिसतं, शेजारी सरळ ठेवल्यावर.

आता पाण्याचं. घरी जेवताना विषय काढला. बायको म्हणाली, "सप्टेंबरात दादा घेऊन गेला होता की परांड्याला." मागच्या वर्षीच्या, २०२५च्या त्या अतिवृष्टीत मेहुण्याचे सासरे तिकडे अडकले होते, तो गाडी घेऊन गेला. चार दिवसांनी परत आणली, धुऊनपुसून, टाकी फुल करून. मला तेव्हाच कळायला हवं होतं, त्यानं आयुष्यात कधी टाकी फुल केली नाही. फोन लावला. आधी म्हणाला काही नाही झालं. मग म्हणाला पुलावर थोडं पाणी होतं. मग म्हणाला बोनेटपर्यंत होतं, गाडी बंद पडली, ट्रॅक्टरनं ओढली, तिथल्याच एकानं प्लग काढून पाणी उडवलं, ऑइल आणि फिल्टर बदललं, चालू झाली. "दाजी, चालू झाली म्हणून नाही सांगितलं."

खिडकीपाशी

चार नंबरनं मेहुण्याला पकडून दिलं. पोलिसांत भरती करा त्या पिस्टनला.

टिकाव_फावडं

मेहुण्याला जास्त बोलू नका सर. तेव्हा तिकडं लोकांची जनावरं वाहून गेली. म्हातारा माणूस काढून आणला त्यानं, रॉडचं काय घेऊन बसलात.

बालाघाट

खरंय. मीही तेच म्हणालो त्याला, थोडं ओरडून झाल्यावर. राग त्याच्या न सांगण्याचा आहे. तेव्हाच कळलं असतं तर एका रॉडवर निभावलं असतं.

भिंग

मग आता हिशोब काय ठरला? "पन्नास" गळ्यात मारून घेऊ नका. बोअर गेजनं चारही बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून घ्या. झीज मर्यादेत असेल तर बोअर मारायचं कारणच नाही, नुसतं होनिंग (बोअरला आतून हलकं घासणं) आणि स्टँडर्ड रिंगा चालतात. एकच पिस्टन बदलणार असाल तर वजन जुळवा, पिस्टन-पिनसकट, दोन-चार ग्रॅमच्या आत. पाण्यानं भिजलेल्या गाडीचे बाकीचे तीन रॉडही सरळ आहेत हे बघितलंत ते बरं केलंत. हेडचा पृष्ठभागही सरळ पट्टी आणि फिलर गेजनं बघा. ०.०५ मिमीचं पातं कुठं आरपार जात असेल तर फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) करावं लागेल, नाहीतर नवं गॅस्केटही तिथंच फुटेल.

आणि हो, आता पिस्टन धुवा. 🙂

उस्तादांचा_चेला

खाचा साफ करताना तारेचा ब्रश मारू देऊ नका. जुनी रिंग मोडायची अन् तिच्याच टोकानं खाचेतली काजळी काढायची, मापाची असते ती. ऑइल रिंगच्या मागं तेल परत जायची बारीक भोकं असतेत, ती उघडी झाली पाहिजेत. ती बुजली म्हणूनच रिंग चिकटतेत.

लातूरपॅटर्न

त्या ऑइल रिंगा सोडवायला बाजारात डबा मिळतो ना, ऑइलमध्ये ओतायचा? आधीच ओतला असता तर खोलायची वेळच आली नसती.

उस्तादांचा_चेला

कधी कधी सुटतेत, खोटं नाही बोलणार. पण सील बिस्किट झालेलं डब्यानं मऊ होत नाही अन् रॉड डब्यानं सरळ होत नाही.

बालाघाट

पंधरा दिवसांनी लिहितोय, परीक्षांचं काम होतं.

बोअर मोजले. सगळ्यात जास्त झीज ०.०३, मिस्त्री स्वतःच म्हणाले, "होनिंगवर भागेल सर." चार नंबरमध्येही नखाला लागेल अशी रेघ नाही. एक रॉड, एक पिस्टन, चारही रिंग सेट, व्हॉल्व्ह सील, गॅस्केट, हेडचं फेसिंग, बेअरिंगा, आणि ब्लॉकमधलं कीट काढून कूलंट. खर्च पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा कमी आला.

वजनाचं सांगायचं राहिलं. एवढा बारीक काटा गॅरेजात नव्हता, म्हणून धुतलेले पिस्टन कापडी पिशवीत घालून आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. दुकानात लग्नाची गर्दी, मी काचेवर पिस्टन मांडतोय. जुने ३२६, ३२७, ३२६ भरले, नवीन ३३४. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कितीचं पडलं हो हे?" सराफ म्हणाले, "सर, घडणावळ जास्त आहे याला." नवीन परत दिला, दुकानदाराकडे तीन होते, त्यातला एक ३२७ चा निघाला.

खिडकीपाशी

तेहतीस तोळ्यांचे पिस्टन घालून हिंडणार आता मास्तर.

निजामकालीन

छान झालं. मिस्त्रींना नावं ठेवू नका, पट्टी हातात घेतल्यावर त्यांनी स्वतः मोजलं आणि मान्य केलं.

उस्तादांचा_चेला

पहिले हजार किलोमीटर सांभाळा सर. एकाच वेगात ताणायची नाही, सेल मारल्या मारल्या रेस द्यायची नाही. पिस्टन आधी फुगतो, बोअर नंतर, मधल्या मधी चार कोपऱ्यांना घासतो. पाचशेला ऑइल बदला. मांजरसुंब्याच्या घाटात एवढ्यात पाचजणांना बसवून नेऊ नका. अन् मेहुण्याला चावी देऊ नका.

बालाघाट

चावी त्याच्याकडेच आहे. मला पेपर तपासायचेत, गॅरेजातून गाडी आणायला तोच गेलाय.